सेवा आणि साक्ष

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सीमाभागातील एका मिशनच्या रुग्णालयात माझ्या आईवर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. आदल्या संध्याकाळी एक तरुण परिचारिका खाटेपाशी आली, उशी सारखी केली आणि संकोचाने म्हणाली, "काकू, उद्यासाठी मी प्रार्थना केली तर चालेल का?" आई हसून म्हणाली, "कर गं बाई. तुझ्या देवाला सांग. माझा रवळनाथ ऐकतोच आहे." ती मुलगीही हसली, तिने डोळे मिटले, दोन मिनिटे काही पुटपुटली आणि निघून गेली. आईला ते आवडले होते. परक्या मुलीने आपल्यासाठी देवाचे नाव घ्यावे, यात तिला काही गैर वाटले नाही.

शेजारच्या खाटेवर एका खेड्यातली कष्टकरी बाई होती. तिला तेथे खाट आणि औषध विनामूल्य मिळत होते. तिलाही तोच प्रश्न विचारला गेला आणि तिनेही मान हलवली. पण रात्री दिवे मंद झाल्यावर तिने आईला हळूच विचारले, "वैनी, मी नको म्हटलं असतं तर खाट काढून घेतली असती काय वो?" आईने तिची समजूत घातली. तसे काहीही झाले नसते, हे निश्चित. त्या परिचारिकेच्या मनात असा विचार स्वप्नातही आला नसेल. पण प्रश्न विचारला गेला होता, आणि तो मी अजून विसरू शकलेलो नाही. एकच प्रार्थना, एकच वाणी, एकच सद्‌हेतू. एका खाटेवर ती स्नेह झाली आणि दुसऱ्या खाटेवर भीती. असे का व्हावे?

ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जीवनात सेवा आणि धर्मप्रसार यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न वरवर पाहता त्यांच्या घरचा आहे. आपण देवळाच्या पायरीवर बसणाऱ्यांनी त्यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्यांची सेवा होते आणि ज्यांना सुवार्ता सांगितली जाते ते पुष्कळदा आपणच असतो. म्हणून या प्रश्नाचा निम्मा भाग आपल्याही वाट्याला येतो. शिवाय पुढे दिसेल त्याप्रमाणे, या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपल्याला आपल्या अन्नछत्रांकडेही पाहावे लागते.

प्रथम त्यांची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. ख्रिस्ती श्रद्धेत दोन आज्ञा शेजारी शेजारी उभ्या आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या निवाड्याचे चित्र आहे. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र आणि आजाऱ्याला भेट ज्यांनी दिली, त्यांनी ते सारे प्रत्यक्ष प्रभूलाच दिले, असे तेथे सांगितले आहे. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाऊन शिष्य करण्याची आज्ञा आहे. श्रद्धावान ख्रिस्ती मनुष्य यांपैकी एक आज्ञा पाळून दुसरी सोडू शकत नाही. थंडीने कुडकुडणाऱ्याला केवळ गोड शब्द देऊन वाटेला लावणारी श्रद्धा मेलेली आहे, असे याकोबाचे पत्र बजावते. उलट, ज्या आनंदाने आपले आयुष्य पालटले तो आनंद शेजाऱ्यापासून जन्मभर लपवून ठेवणे, हीही त्याला एक प्रकारची कृपणताच वाटते. आपला कीर्तनकार नामाची गोडी गावोगाव वाटत फिरतो. त्याला कोणी म्हणाले की, "बाबा, तू लोकांना जेवू घाल, पण विठ्ठलाचे नाव घेऊ नकोस," तर त्याला काय वाटेल? ख्रिस्ती माणसाचे मन इतपत जाणले, तर पुढचा विचार न्यायाने होईल.

तथापि आपल्या कानांना 'सेवा' आणि 'सुवार्ता' हे शब्द एकत्र ऐकू आले की मन सावध होते, त्यालाही कारण आहे. गोव्यात १५५९ च्या राजाज्ञेने पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याची मुभा दिली. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले आणि मधला थोडा खंड सोडता ते १८१२ पर्यंत राहिले. मंगेश कुशस्थळी सोडून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. या स्थलांतरांच्या कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकल्या. त्या काळातील सर्वांत दुःखद गोष्ट मला देवळे पाडण्याचीही वाटत नाही. पोरक्या मुलाला आसरा द्यावयाचा आणि त्या आसऱ्याची किंमत म्हणून त्याच्या आईबापांचा देव घ्यावयाचा, ही वाटते. त्यात सेवेचाही अपमान आहे आणि धर्माचाही. आजच्या ख्रिस्ती माणसाला त्या पापाचा वारस ठरवणे अन्यायाचे होईल. पण आपल्या मनातील शंका कोठून आली, हे त्याने जाणले तर बरे.

या प्रश्नाची खरी कसोटी मात्र तलवारीच्या काळात लागत नाही. जेथे बळजबरी उघड आहे तेथे निर्णय सोपा असतो. कसोटी लागते ती, जेथे सर्व माणसे सज्जन आहेत आणि तरीही गाठ सुटत नाही, अशा ठिकाणी. महाराष्ट्राच्या इतिहासात असे एक ठिकाण आहे: पंडिता रमाबाईंचे शारदासदन.

संस्कृतात पारंगत असलेल्या रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी हिंदू विधवांची दुःस्थिती तेथील लोकांपुढे मांडली आणि १८८७ मध्ये बॉस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ एक मंडळी स्थापन झाली. या मंडळीने दहा वर्षे मदत देण्याचे ठरवले. शाळा कोणत्याही पंथाची असू नये, मुलींच्या आचारात हात घातला जाऊ नये, ही भूमिका स्पष्ट होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार म्हणून पाठीशी उभे राहिले. मुली आपला स्वयंपाक, आपले व्रतवैकल्य सांभाळून शिकत होत्या.

मग अडचण कोठे आली? रमाबाई स्वतःच्या खोलीत पहाटे प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या बंद करीत नसत. काही मुली आपण होऊन त्या दारात येऊन बसू लागल्या. वर्गात धर्माचा पाठ नव्हता, कोणाला बोलावणे नव्हते. पण पुण्यात कुजबूज सुरू झाली, 'केसरी'ने टीकेची धार धरली, आणि १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात कोण बरोबर होते? मी अनेकदा दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. रमाबाई म्हणत होत्या त्यात खोटे काय होते? प्रार्थना ही त्यांच्या सेवेची मुळी होती. मुळी झाकून झाडाने फळ द्यावे, असा आग्रह धरणाऱ्यांनी त्या स्त्रीचे अर्धे मन तोडून मागितले होते. हिंदू घरातील गृहिणी तुळशीला पाणी घालताना दार लावून घेत नाही. मग रमाबाईंनीच का लावावे? पण दुसऱ्या बाजूलाही सत्य होते. त्या मुलींना जगात दुसरे दार नव्हते. सासर बंद, माहेर जेमतेम अर्धे उघडे. ज्या बाईने अन्न दिले, अक्षर दिले, 'तू माणूस आहेस' असे पहिल्यांदा सांगितले, तिच्या उघड्या दारात जाऊन बसणारी बारा-चौदा वर्षांची मुलगी श्रद्धेने बसली की कृतज्ञतेने की आसऱ्याच्या भयाने, हे कोण सांगणार? ती स्वतः तरी सांगू शकली असती का?

येथे मला त्या रुग्णालयातील बाईचा प्रश्न पुन्हा आठवतो. देणाऱ्याला आपला हेतू ठाऊक असतो. घेणाऱ्याला तो ठाऊक नसतो. देणारा आपल्या अंतःकरणाची शुद्धता पाहून निश्चिंत होतो. घेणारा मात्र आपली गरज पाहून भयभीत होतो. म्हणून सेवा आणि साक्ष यांचा तोल केवळ देणाऱ्याच्या हेतूवर तोलता येत नाही. तराजूचे दुसरे पारडे घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याचे असते, आणि ते आपल्या डोळ्यांना सहसा दिसत नाही.

हे सूत्र एकदा हाती आले की रोजच्या व्यवहारातील पुष्कळ कोडी उलगडतात. आमच्या वाड्यावर चवथीच्या नेवऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जातात आणि नाताळात त्याच्याकडून दोदोल येतो. सोबत दोघेही आपापल्या देवाविषयी मोकळेपणाने बोलतात, कधी वादही घालतात. यात कोणाला बोचत नाही, कारण दोघे बरोबरीचे आहेत. दोदोल नाकारला म्हणून कोणाची चूल विझणार नसते. परंतु तोच ख्रिस्ती गृहस्थ शिक्षक असेल आणि परीक्षेचे गुण त्याच्या हातात असतील. डॉक्टर असेल आणि समोर ताप चढलेले मूल असेल. सावकारीच्या ओझ्याखालील माणसाला त्याने कर्ज मिळवून दिले असेल, तर त्याच्या प्रत्येक शब्दाला एक वजन येते. ते वजन त्याच्या श्रद्धेचे नसते, त्याच्या सत्तेचे असते. म्हणून घेणारा जितका अगतिक, तितके देणाऱ्याने शब्दाच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. आणि घेणारा जितका स्वतंत्र, तितके मोकळेपणाने बोलावे. हा संकोच भित्रेपणाचा नव्हे. आपल्या श्रद्धेला दुसऱ्याच्या गरजेचे ओझे वाहावयास लावू नये, एवढाच त्याचा अर्थ.

गंमत अशी की ख्रिस्ताच्या स्वतःच्या कथांत हा विवेक स्पष्ट दिसतो. लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला पाहून याजक पुढे गेला, लेवीही पुढे गेला. ज्याला यहुदी लोक अपवित्र मानीत तो शोमरोनी मात्र थांबला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस घातला, आपल्या जनावरावर बसवून त्याला धर्मशाळेत नेले, दोन दिनार दिले आणि अधिक लागल्यास परत येताना देईन म्हणाला. या कथेत त्याच्या तोंडी आपल्या धर्माविषयी एक अक्षरही नाही. दुसरी कथा दहा कुष्ठरोग्यांची. दहाही बरे झाले, कृतज्ञतेने परत आला तो एकटाच, आणि तोही शोमरोनीच. बाकीचे नऊ कोठे आहेत, म्हणून येशूने खंत बोलून दाखवली. पण त्या नऊ जणांचे आरोग्य काढून घेतले नाही. जे परतले नाहीत त्यांची कातडीही स्वच्छच राहिली. सेवेचे हे सर्वांत मोठे लक्षण मला वाटते: नकाराने जी कमी होत नाही ती सेवा.

अलीकडच्या काळात ख्रिस्ती विचारवंतांनीही या प्रश्नाचा बराच खल केला आहे. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जगभरचे सुवार्तावादी ख्रिस्ती एकत्र आले. त्यांनी सुवार्ता आणि सामाजिक कार्य ही परस्परविरोधी नसून दोन्ही ख्रिस्ती कर्तव्याचे भाग आहेत, असे जाहीर केले. १९८२ साली अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स येथील बैठकीने पुढे जाऊन या नात्याची तीन रूपे सांगितली: सामाजिक कार्य हे सुवार्तेचे फळ आहे, सुवार्तेकडे नेणारा पूल आहे, आणि तिचा सोबतीही आहे. यांपैकी फळ आणि सोबती या दोन उपमा मला मनापासून पटतात. 'पूल' या शब्दापाशी मात्र मी थबकतो. पुलावर कोणी घर करीत नाही. तो ओलांडण्यासाठीच असतो. आजाऱ्याची शुश्रूषा जर पूल ठरली, तर पलीकडे न येणाऱ्या आजाऱ्याचे काय? तो अर्ध्या पुलावर उभा राहिलेला, कामी न आलेला मनुष्य ठरणार काय?

ही शंका केवळ आपल्यासारख्या बाहेरच्यांची आहे असे नाही. संकटकाळी मदत करणाऱ्या संस्थांसाठी रेडक्रॉस व इतर संघटनांनी १९९४ मध्ये जी आचारसंहिता केली, तिच्यात मदतीचा उपयोग कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी करू नये, असे कलम आहे. २००५ च्या डिसेंबरातील आपल्या पहिल्या परिपत्रकात पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी सांगितले की प्रेमाचे कार्य हे धर्मांतराचे साधन होऊ शकत नाही, आणि देवाविषयी केव्हा बोलावे व केव्हा गप्प राहून प्रेमालाच बोलू द्यावे, हे ख्रिस्ती माणसाला कळले पाहिजे. २०११ मध्ये तर व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि सुवार्तावादी मंडळ्यांचा जागतिक संघ या तिघांनी मिळून एक निवेदन काढले. साक्ष देण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. पण लोकांच्या दारिद्र्याचा व गरजेचा फायदा घेणाऱ्या प्रसाराला त्यात स्थान नाही, असे स्पष्ट म्हटले. एरवी परस्परांशी फारसे न जुळणाऱ्या तीन परंपरांनी एका स्वरात हे म्हणावे, याचे मोल मोठे आहे. हे नियम सर्वत्र पाळले जातातच, असे कोणी म्हणणार नाही. पण नियम मोडणाऱ्यालाही त्याच्याच घरचा आरसा दाखवता येतो, ही काही थोडी गोष्ट नाही.

दारिद्र्याच्या आधाराशिवाय दिलेली साक्ष कशी असते, याचे उदाहरण मराठीतच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी आपल्या धर्मात व सोवळ्यात राहिल्या. कवी, वक्ता, प्रचारक असलेल्या या माणसाच्या शब्दाने परके लोक वळत असतील, पण स्वतःच्या घरात त्याला थांबावे लागले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, त्यांच्या स्वतःच्या मनाने कौल दिल्यावर. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्या काळातील त्यांचे अश्रू, विनोद आणि बाणेदारपणा आठवत असेल. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगाराची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांसाठीही 'देवाचा दरबार' उभारण्याचा संकल्प केला. दोन वर्षांतच, १९१९ मध्ये, ते गेले. त्यांचे धर्ममत आपण स्वीकारो वा न स्वीकारो, पगाराचे आणि मदतीचे पाठबळ बाजूस सारून केवळ अभंगाच्या बळावर लोकांसमोर उभे राहण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. असा प्रचारक दारी आला तर त्याच्याशी वाद घालावा, त्याला चहा द्यावा, आणि पटले नाही तर निर्धास्तपणे तसे सांगावे. तेथे कोणाचीच खाट जाणार नसते.

आता शारदासदनाकडे परत येऊ, कारण त्या कथेचा एक धागा राहिला आहे. त्या सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. रमाबाईंच्या छायेत ती शिकली, वाढली, आणि हिंदूच राहिली. १८९३ साली, ज्या वर्षी पुण्यात तो गदारोळ झाला त्याच वर्षी, तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. रमाबाईंनी तिला जे दिले होते ते परत मागितले नाही. रमाबाईंच्या सेवेचा विचार करताना त्यांच्या टीकाकारांनी आणि त्यांच्या भक्तांनीही ही एक मुलगी विसरू नये.

आणि कर्व्यांनी काय केले? १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी काढली आणि १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. आनंदीबाईंनी त्यासाठी दारोदार वर्गणी मागितली. धर्मांतराच्या भयावर पुण्याने अनेक उत्तरे दिली. अग्रलेख लिहिले, सभा भरवल्या. पण त्या सर्वांत खरे उत्तर हिंगण्याच्या माळावरचे होते. त्या आश्रमामुळे विधवेला दुसरे दार मिळाले. दोन दारे असली की मनुष्य निवडू शकतो. आणि निवडू शकणाऱ्याचीच श्रद्धा, मग ती कोणतीही असो, त्याची स्वतःची असते. रमाबाईंच्या उघड्या दारावर आक्षेप घेण्याचा नैतिक अधिकार दुसरे दार उघडणाऱ्याला होता. दोन्ही दारे बंद असावीत असे वाटणाऱ्याला तो नव्हता.

हा विचार येथपर्यंत आणल्यावर आपल्या अंगणात पाहणे क्रमप्राप्त आहे. आपल्या देवळांतून अन्नसंतर्पणे होतात, वसतिगृहे चालतात, विद्यार्थिवेतने दिली जातात. त्यांच्याही पानाखाली काही अलिखित अटी असत नाहीत काय? कोणाची पंगत कोठे बसते, कोणाला आधी वाढले जाते, कोणत्या आडनावाच्या मुलाला वसतिगृहाची खोली सहज मिळते, कोणाला देणगीदाराच्या पाया पडावे लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. गीतेने सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना परतफेडीची अपेक्षा नसणे हे प्रथम मानले आहे. परतफेड म्हणजे केवळ पैसा नव्हे. भक्ती, निष्ठा, मान, कृतज्ञतेने झुकलेली मान, हीही परतफेडच. ख्रिस्ती सेवेला आपण जो गज लावतो त्याच गजाने आपली पंगत मोजली, तर आपला आक्षेप शुद्ध होईल. आणि आपली सेवा खरोखर निरपेक्ष झाली तर त्या आक्षेपाची गरजही पुष्कळ कमी होईल.

माझी आई आता नाही. ती परिचारिकाही कोठे असेल, ठाऊक नाही. असेल तेथे तिचे कल्याण असो, कारण तिचे मन निर्मळ होते. पण मला राहून राहून वाटते की तिने त्या दुसऱ्या खाटेपाशी काही न बोलता उशी सारखी करावी, कपाळावर हात ठेवावा, आणि आपली प्रार्थना आपल्या खोलीत जाऊन करावी. तिच्या देवाला ती तेथूनही ऐकू गेली असती. आणि ती बाई बरी होऊन, स्वतःच्या पायांनी दारापर्यंत चालत जाऊन, जाता जाता मागे वळून विचारती, "पोरी, तू एवढं माझ्यासाठी का गं केलंस?" तर मग तिने निःसंकोच सांगावे. तोपर्यंत त्या बाईची खाट सुटलेली असते, औषध पोटात गेलेले असते, आणि ऐकावे की निघून जावे हे तिच्या पायांच्या स्वाधीन असते.